‘झाले’ म्हणजे काय? : डेबियन, उबुंटू आणि साठवणुकीचा शब्द

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली काही रूपे तशीच ठेवली आहेत.)

संगणकावर एखादा प्रोग्राम बसवायला घेतला की पडद्यावर ओळी भराभर सरकतात, मग थांबतात, आणि आपण म्हणतो, झाले. आजचे आमचे व्याख्यान या एका शब्दाविषयी आहे. ‘झाले’ हे विधान खरे केव्हा ठरते? ते कोणाच्या भरवशावर केलेले असते? आणि ते लवकर म्हणता यावे म्हणून जी किंमत मोजावी लागते, ती कोणाच्या खिशातून जाते?

पत्रिकेत विषय ‘मुक्त प्रणालीतील साठवणुकीचा वेग आणि पॅकेजिंग’ असा छापला आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं इथे काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. विधान म्हणजे काय, ते खरे कशाने ठरते, कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हे प्रश्न आम्ही आयुष्यभर वर्गात घासले. संगणक तर दिवसभर विधानेच करत असतो. ‘फाइल जतन केली.’ ‘पॅकेज बसवले.’ बंद प्रणालीत ही विधाने तपासायला फारशी वाट नसते. लिनक्सच्या जगात मात्र कोड, मॅन्युअल, वर्षानुवर्षांचे वाद, सगळे उघड्यावर असते. साहित्याचा समीक्षक संहिता पुढे घेऊन बसतो, तसे इथे बसता येते. आज आम्ही दोनच संहिता वाचणार आहोत. एक, डेबियनच्या मॅन्युअलमधला एक परिच्छेद. दुसरी, उबुंटूतल्या एका पॅकेजचा आवृत्ती क्रमांक. एवढाच ऐवज आहे.

पोस्टपेटी आणि पोचपावती

आधी यंत्र समजून घेऊ. प्रोग्राम फाइल लिहितो, म्हणजे तो कर्नलला, प्रणालीच्या गाभ्याला, सांगतो की हा मजकूर घे आणि लिही. कर्नल तो मजकूर मेमरीत ठेवून घेतो आणि लगेच उत्तर देतो: घेतला. डिस्कवर तो अजून गेलेला नसतो. कर्नल तो नंतर, सवडीने, बाकीच्या मजकुराबरोबर एकत्र करून लिहितो. असं का? कारण मेमरीच्या मानाने डिस्क फार मंद. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये तर लिहिणारे टोक प्रत्येक वेळी योग्य जागी सरकवावे लागते, आणि त्या एका सरकण्याला काही मिलिसेकंद जातात. आपणही पाच जिनसांसाठी पाच वेळा बाजारात जात नाही. यादी करतो, एकदाच जातो.

पत्र पोस्टपेटीत टाकल्यावर आपण ‘पाठवले’ म्हणतो. ‘पोचले’ म्हणत नाही. पोचल्याची खात्री हवी असेल तर रजिस्टर करतो आणि पोचपावती मागतो. संगणकातही अशी पोचपावती आहे. तिला एफसिंक म्हणतात. प्रोग्राम कर्नलला सांगतो, हा मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर पोचल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस. प्रोग्राम मग थांबून राहतो. पोचपावतीला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून प्रत्येक पत्र कोणी रजिस्टर करत नाही. इथेही तसेच.

तेव्हा ‘झाले’चे दोन अर्थ झाले. एक, घेतले. दुसरा, पोचले. मधल्या काळात वीज गेली तर या दोन अर्थांमधले अंतर कळते. महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांत संगणक वापरलेल्या मंडळींना हे अंतर सांगायची गरज नाही.

२००९ सालचा तंटा

लिनक्सवर बरीच वर्षे ईएक्सटी-३ नावाची फाइल सिस्टिम चालत होती. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर कोणता मजकूर कुठे आहे याची वही ठेवणारी व्यवस्था. ईएक्सटी-३ दर पाच सेकंदांनी आपली वही डिस्कवर पक्की करी, आणि तिचा शिरस्ता असा होता की फाइलचा मजकूर आधी डिस्कवर जाई, त्याची नोंद मागून. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक सवय लागली. जुनी फाइल बदलायची तर नवा मजकूर वेगळ्या नावाने लिहायचा, आणि मग त्या नव्या फाइलला जुनीचे नाव द्यायचे. पोचपावती न मागता. मध्येच वीज गेली, तर एक तर जुनी फाइल शाबूत किंवा नवी शाबूत. कामे निभत होती.

पोचपावती न मागण्याचे आणखी एक कारण होते. ईएक्सटी-३ मध्ये एका फाइलची पोचपावती मागितली की साठून राहिलेला बाकीचा बराच मजकूरही आधी डिस्कवर जाऊ द्यावा लागे. २००८ साली फायरफॉक्स ३ आला. तो आपला इतिहास आणि खुणा एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवत होता, आणि शिस्तीने पोचपावती मागत होता. परिणाम असा, की ईएक्सटी-३ वर मोठी नक्कल वगैरे चालू असताना एक पान उघडले तरी काही सेकंद सगळे गोठून बसे. प्रामाणिक वागणाऱ्याला शिक्षा झाली. यावरून लोक काय शिकले? पोचपावतीच्या नादाला लागू नये.

डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२८ या आवृत्तीत ईएक्सटी-४ स्थिर म्हणून जाहीर झाली. ती वेगवान होती, आणि तिच्या वेगाचे एक मर्म लांबणीवर टाकण्यात होते. मजकूर डिस्कवर नेमका कुठे ठेवायचा, हा निर्णयच ती शेवटपर्यंत पुढे ढकलते. त्यामुळे मजकूर सलग जागेत बसतो, तुकडे होत नाहीत. पण मजकूर पोचायला पाच सेकंदांऐवजी अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक लागू शकतो. नाव बदलल्याची नोंद मात्र आधीच वहीत चढते. मध्येच संगणक बंद पडला तर? वहीत नाव आहे, फाइल आहे, आणि फाइलची लांबी शून्य. जुना मजकूर गेला, नवा आलाच नाही. २००९ च्या सुरुवातीला उबुंटूची ९.०४ ही आवृत्ती तयार होत असताना ती चाचणीसाठी वापरणाऱ्यांना अशा रिकाम्या फाइली सापडू लागल्या, आणि तंटा पेटला.

ईएक्सटी-४ चे प्रमुख शिल्पकार थिओडोर त्सो यांची बाजू थोडक्यात अशी: प्रमाणित नियमांत ‘लिहिले’ म्हणजे ‘पोचले’ असे कुठेही म्हटलेले नाही. पोचायला हवे असेल तर पोचपावती मागा. वापरणाऱ्यांची बाजू अशी: इतकी वर्षे जे चालत आले ते तुम्ही मोडलेत. मित्रहो, हा धर्मशास्त्र विरुद्ध रूढी असा जुनाच वाद आहे. आमच्या मते त्सो यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. पण रूढी हाही एक न लिहिलेला करार असतो, आणि तो एका बाजूने मोडता येत नाही. त्सो यांनीही ते कृतीने मान्य केले. नियमांचा आग्रह न सोडता त्यांनी कर्नलमध्ये तोडगा घातला, आणि २.६.३० पासून जुन्या फाइलच्या जागी नवी बसवली की तिचा मजकूर लगेच डिस्ककडे रवाना होऊ लागला. तत्त्वही राखले, माणसेही राखली. शास्त्रार्थ असा संपलेला आम्ही फार वेळा पाहिलेला नाही.

पहिली संहिता: एका धोक्याचे नाव

आता पॅकेजिंगकडे येऊ. डेबियन ही स्वयंसेवकांनी १९९३ पासून चालवलेली प्रणाली. उबुंटू तिच्यावर उभी आहे. डेबियनमध्ये पॅकेज बसवण्याचे काम डीपीकेजी नावाचा प्रोग्राम करतो. एकेका पॅकेजमध्ये शेकडो, कधी हजारो फाइली असतात. तो त्या एकेक करून उलगडतो, जागच्या जागी ठेवतो, आणि आपल्या वहीत नोंद करतो.

या नोंदीची भाषा पाहण्यासारखी आहे. डीपीकेजी फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच म्हणत नाही. त्याच्याकडे ‘अर्धवट बसवलेले’, ‘उलगडलेले’, ‘अर्धवट जुळवलेले’, ‘बसवलेले’ अशा वेगवेगळ्या अवस्थांना वेगवेगळे शब्द आहेत. जो अपुरेपणाला नाव देतो, त्याच्या पुरेपणावर विश्वास ठेवावासा वाटतो. आपल्याकडे न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या. आप्त कोण? ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे, आणि जी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. डीपीकेजीची वही अशा आप्ताची वही व्हायला पाहते.

पण ईएक्सटी-४ आल्यावर या आप्ताची पंचाईत झाली. वहीत ‘बसवलेले’ अशी नोंद, आणि वीज जाऊन आल्यावर फाइली रिकाम्या. त्सो यांचा तोडगा इथे पुरा पडत नव्हता, कारण नव्या पॅकेजची फाइल कुठल्या जुन्या फाइलच्या जागी जात नसते, ती पहिल्यांदाच येते. म्हणून २०१० मध्ये डीपीकेजीने प्रत्येक फाइलसाठी पोचपावती मागायला सुरुवात केली. हजार फाइली, हजार पोचपावत्या. पॅकेज बसवणे लक्षात येण्याइतके मंदावले. तक्रारी आल्या. मग पावत्या मागायच्या त्या एकगठ्ठा, शेवटी मागायच्या, आधी डिस्कला नुसती सूचना द्यायची, अशा युक्त्या झाल्या. आणि एक वेगळा पर्यायही दिला गेला: ज्याला घाई आहे त्याने पोचपावती न घेता काम उरकावे.

या पर्यायाचे नाव काय ठेवले? ‘वेगवान’ ठेवता आले असते. ‘टर्बो’ ठेवता आले असते, बाजारात तशीच नावे चालतात. नाव ठेवले ‘फोर्स-अनसेफ-आयओ’. जबरदस्तीने, असुरक्षितपणे लिही. आणि मॅन्युअलमधला त्याचा परिच्छेद वाचा. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, नाव बदलण्यापूर्वीच्या पोचपावत्यांमुळे काही फाइल सिस्टिमवर काम फार मंदावते. दुसरी, दुर्दैवाने ज्या फाइल सिस्टिमवर ते मंदावते, त्यांनाच या पोचपावत्यांची खरी गरज आहे. तिसरी, याने वेग कदाचित वाढेल, पण डेटा गमावण्याची किंमत देऊन, तेव्हा जपून वापरा. शिवाय मुख्य दोषी म्हणून ईएक्सटी-४ चे नाव घेऊन, तिच्यासाठी दुसरा उपायही सुचवला आहे.

हे गद्य अलंकारिक नाही, पण नीतिमान आहे, असे आमचे मत. त्या ‘दुर्दैवाने’ या एका शब्दात लिहिणाऱ्याची चीड आहे, आणि ती त्याने लपवलेली नाही. वेग हवा असणाऱ्याला त्याने अडवले नाही. फक्त ‘असुरक्षित’ हा शब्द त्याला स्वतःच्या बोटांनी टाइप करायला लावला. धोका पत्करणाऱ्याने धोक्याचे नाव स्वतः उच्चारायचे. याच कामासाठीचे आणखी एक साधन आहे, पोचपावतीच्या सगळ्या मागण्या परस्पर गिळून टाकणारे. त्याचे नाव ‘ईटमायडेटा’. म्हणजे माझा डेटा खा! विनोद आहे, पण अंधारात ठेवणारा नाही.

आणि हा पर्याय वाईट आहे असेही नाही. डॉकरसाठी डेबियनच्या ज्या तयार प्रतिमा मिळतात, त्यांत हा असुरक्षित पर्याय आधीच चालू करून ठेवलेला असतो. तिथे ते योग्यच आहे. प्रतिमा बनवताना मध्येच वीज गेली तर अर्धवट प्रतिमा टाकून देतात, पुन्हा पहिल्यापासून बनवतात. जे टाकूनच द्यायचे त्याची पोचपावती कशाला? तेव्हा प्रश्न वेग चांगला की सुरक्षा चांगली, असा नाहीच. कोणत्या ठिकाणी कोणते वचन लागते, आणि ते वचन मागे घेताना ते कोणाला सांगितले, हा प्रश्न आहे.

डबे आणि गाठोडे

आता उबुंटू. उबुंटू चालवणारी कंपनी कॅनॉनिकल. तिने ‘स्नॅप’ नावाची पॅकेजिंगची दुसरी रीत काढली. दोन्हींतला फरक स्वयंपाकघरातला आहे. डेबियनच्या रीतीत वाणसामान आणल्यावर पुड्या सोडून जिन्नस डब्यांत भरतात. भरताना वेळ जातो, नंतर हात घातला की जिन्नस हाताशी. स्नॅपमध्ये सामान गाठोड्यातच राहते. संपूर्ण प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या बहुतेक जोडवस्तूंसकट, एका दाबून बंद केलेल्या फाइलमध्ये असतो. त्या बांधणीला स्क्वॅशएफएस म्हणतात. ती फाइल सोडत नाहीत. ती जणू वेगळी डिस्कच आहे अशा थाटात प्रणालीला जोडतात, आणि लागेल तेव्हा लागेल तेवढा भाग उलगडून वाचतात.

याचे फायदे खरे आहेत, ते नाकारणे अन्याय होईल. गाठोडे वाचण्यापुरतेच असते, कोणी आत ढवळाढवळ करू शकत नाही. नवे गाठोडे बिघडले तर जुने पुन्हा जोडता येते. उबुंटूच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी ब्राउझर वेगवेगळा बांधावा लागत नाही, आणि ब्राउझरसारख्या, रोज नव्या भोकांची भीती असलेल्या प्रोग्रामच्या बाबतीत ही सोय मोठी आहे. शिवाय आपण आत्ता पाहिलेला हजार पोचपावत्यांचा पेच इथे सुटतो. फाइल एकच, त्यामुळे हजार लहान फाइली रिकाम्या राहण्याचा प्रश्नच उरत नाही. रचना म्हणून हे देखणे उत्तर आहे.

मग बिनसले कुठे? खर्च नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. डब्यांच्या रीतीत उलगडण्याचा वेळ एकदा, बसवताना जातो. गाठोड्याच्या रीतीत तो प्रोग्राम उघडताना जातो. मेमरीत मजकूर टिकून असेल तर दुसऱ्यांदा उघडताना लवकर उघडतो, पण संगणक बंद करून चालू केला की पुन्हा गाठ सोडणे आले. त्यात गाठ किती घट्ट, हेही महत्त्वाचे. एक्सझेड नावाची दाबण्याची पद्धत फार घट्ट बांधते. फाइल लहान होते, उतरवायला सोपी, सर्व्हरवर जागा कमी. पण उलगडायला प्रोसेसरला घाम फुटतो. एलझेडओ सैल बांधते. फाइल मोठी, पण झटकन सुटते. कोणती निवडली यावर खर्च कोणाच्या वहीत पडतो ते ठरते.

आर्च लिनक्स या दुसऱ्या प्रणालीचे उदाहरण इथे बोलके आहे. २०१९ च्या अखेरीस तिने आपली पॅकेजेस एक्सझेडवरून झेडस्टँडर्ड या पद्धतीवर नेली. त्यांनीच जाहीर केलेला हिशेब असा: सगळ्या पॅकेजेसचा आकार मिळून सुमारे ०.८ टक्के वाढला, आणि उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला. देणाऱ्याने थोडी तोशीस सोसली आणि घेणाऱ्याला मोठी सोय झाली. हिशेबही उघड मांडला.

एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आली, आणि तिच्यात फायरफॉक्स फक्त स्नॅपच्या रूपात दिला गेला. पहिल्यांदा उघडताना तो मंद आहे, अशा तक्रारींचा पाऊस पडला. जुन्या संगणकावर, फिरत्या डिस्कवर, ही मंदी अधिक जाणवणारी. कॅनॉनिकलने कारणे शोधली आणि जाहीरपणे लिहिली, याचे श्रेय दिले पाहिजे. दाबण्याची घट्ट पद्धत हे एक कारण. दुसरे गमतीचे: पहिल्यांदा उघडताना फायरफॉक्स जगभरच्या भाषांचे संच एकगठ्ठा हाताळत बसे. वापरणारा एकटा, त्याची भाषा एक, आणि गाठोड्यात सगळ्या जगाच्या भाषा. पुढे बांधणी सैल केली, वापरणाऱ्याच्या भाषेपुरताच संच घेण्याचा उपाय झाला, वेग सुधारला.

म्हणून आमची टीका मंदपणावर नाही. मंदपणा हा दुरुस्त होणारा दोष आहे, आणि तो बराचसा दुरुस्त झाला. ज्याची दुरुस्ती वेगाने होत नाही, असा दोष वेगळाच आहे.

दुसरी संहिता: एक आवृत्ती क्रमांक

उबुंटूवर वर्षानुवर्षे लोक एक आज्ञा देत आले: ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स. ॲप्ट म्हणजे डीपीकेजीच्या वरचा कारभारी. या आज्ञेचा अर्थ ठरलेला होता: उबुंटूच्या भांडारातून फायरफॉक्सचे डेबियन-पद्धतीचे पॅकेज आण आणि बसव. २२.०४ मध्येही ही आज्ञा चालते. पण आता जे पॅकेज येते ते पोकळ आहे. त्यात ब्राउझर नाही. ते फक्त स्नॅपच्या यंत्रणेला सांगते की फायरफॉक्सचे गाठोडे आण. त्याच्या वर्णनात ‘संक्रमणापुरते पॅकेज’ असे लिहिले आहे. पण वर्णन वाचून आज्ञा कोण देतो?

आता त्याचा क्रमांक वाचू. १:१स्नॅप१-०उबुंटू२. फायरफॉक्सची त्या वेळची आवृत्ती होती ९९. मग हा १ कुठला? तो फायरफॉक्सचा नाहीच, पोकळ पॅकेजचा आहे. आणि ९९ पेक्षा १ लहान, मग ॲप्टने याला जुने समजायला नको का? इथे सगळ्यात पुढचा आकडा आणि विसर्गासारखी दोन टिंबे कामाला येतात. डेबियनच्या क्रमांकशास्त्रात टिंबांच्या आधीच्या आकड्याला ‘इपॉक’ म्हणतात, म्हणजे युग. ज्याचे युग मोठे तो मोठा, मग पुढे काही असो. युग लिहिले नसेल तर ते शून्य धरतात. एखाद्या प्रोग्रामने क्रमांक देण्याची रीतच बदलली, किंवा क्रमांकात चूक झाली, तर सावरून घेता यावे म्हणून ही सोय ठेवलेली आहे.

इथे तिने काय केले? फायरफॉक्स ९९ असो, १०० असो, १२० असो, शून्य युगातला प्रत्येक खरा फायरफॉक्स या पोकळ पॅकेजपेक्षा कायमचा जुना ठरला. ज्याने दुसऱ्या विश्वासू भांडारातून डेबियन-पद्धतीचा फायरफॉक्स मुद्दाम बसवला, त्याचाही ब्राउझर पुढच्या अद्ययावत करण्यात ‘नव्या’ आवृत्तीवर, म्हणजे स्नॅपवर, जाऊ लागला. ते थांबवायचे तर वेगळी फाइल लिहून ॲप्टला प्राधान्यक्रम समजावून सांगावा लागे. ज्याला ते जमले त्याचे निभावले.

नियमाच्या अक्षराला यात बाध येत नाही, हे आम्ही मान्य करतो. क्रमांकाची रीत बदलली होतीच की! जुन्या उबुंटूवरून नव्यावर येणाऱ्या लक्षावधी लोकांचा ब्राउझर मध्येच हरवू नये, हा हेतूही समजण्यासारखा आहे. बदल मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्सच्या कर्त्यांच्या, सहमतीनेच झाला होता. पण ‘नवे’ या शब्दाचे काय झाले ते पाहा. ‘नवे’ म्हणजे नंतर तयार झालेले, असा त्याचा अर्थ होता. इथे तो ‘आम्हांला हवे असलेले’ असा झाला. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत दाखवले की शब्द नुसते वर्णन करत नाहीत, ते कृती करतात. इथे आकडा कृती करतो आहे. तो तुलना केल्यासारखा दिसतो, आणि प्रत्यक्षात निर्णय देतो.

आता दोन्ही संहिता शेजारी ठेवा. पहिलीत वेगासाठी सुरक्षा सोडायची, तर ‘असुरक्षित’ हा शब्द वापरणाऱ्याच्या तोंडून वदवला. दुसरीत रीतच बदलायची, तर वापरणाऱ्याच्या तोंडचा जुना शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ बदलला. मॅन्युअल लिहिणारा वापरणाऱ्याला प्रौढ समजतो. क्रमांक लिहिणारा त्याला सांभाळून न्यायचे मूल समजतो. आमच्या टीकेचा गाभा एवढाच आहे.

लिनक्स मिंट ही उबुंटूवरच उभी असलेली प्रणाली. उबुंटूने याच रीतीने क्रोमियम ब्राउझरचे पॅकेज पोकळ केले, तेव्हा २०२० साली मिंटने आपल्या २० व्या आवृत्तीपासून ॲप्टला स्नॅपची यंत्रणा आपणहून आणायला बंदी केली. ही बंदीही एक लादलेलीच निवड, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण ती बंदी एका लहानशा फाइलमध्ये आहे, फाइलच्या नावातच ‘नोस्नॅप’ आहे, ती कशासाठी आहे ते आत लिहिले आहे, आणि ती पुसली की बंदी उठते. मोझिलानेही जानेवारी २०२४ पासून फायरफॉक्सची डेबियन-पद्धतीची पॅकेजेस स्वतःच्या भांडारातून द्यायला सुरुवात केली. मुक्त प्रणालीची ताकद ही. कोणी शब्दाचा अर्थ बदलला, तर दुसरा कोणी तो जुन्या अर्थाने पुन्हा उपलब्ध करून देऊ शकतो.

आपल्याकडे जुन्या संगणकावर लिनक्स टाकून तो पुन्हा चालता करण्याची चाल आहे. घरात, शाळेत, लहानशा कार्यालयात. ते यंत्र वापरणाऱ्याला वेग महत्त्वाचा असतोच. पण मुक्त प्रणाली निवडताना त्याला आणखी एक गोष्ट मिळालेली असते: माझ्या यंत्रावर मी सांगेन ते होईल, आणि जे झाले ते मला सांगितले जाईल. तो मंदपणा सहन करील, कारण विचारून कळला तर मंदपणा हा व्यवहार असतो. न विचारता आलेला वेगसुद्धा उपकारच वाटतो, आणि उपकाराखाली स्वातंत्र्य दबते.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : एसएसडी आल्यावर हा सगळा वाद शिळा झाला नाही का?

उत्तर : पुष्कळसा सौम्य झाला. एसएसडीत सरकवायचे टोकच नाही, त्यामुळे पोचपावती फार स्वस्त झाली, गाठोडेही लवकर वाचून होते. पण प्रश्न संपला नाही, एक पायरी खाली गेला. डिस्कच्या आतही तिची स्वतःची मेमरी असते. कर्नलने विचारले, पोचले का? डिस्क म्हणते, पोचले. ते तिच्या मेमरीत पोचले की कायमच्या जागी? सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडींत वीज गेल्यावर आतला मजकूर उतरवून घेण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर बसवलेले असतात, ते याचसाठी. म्हणजे प्रोग्राम कर्नलच्या शब्दावर, कर्नल डिस्कच्या शब्दावर, आणि आपण या सगळ्यांच्या. ही साखळी कुठेतरी विश्वासावर टेकणारच. म्हणून प्रत्येक कडीने खरे बोलण्याला महत्त्व आहे.

प्रश्न : सर, सामान्य माणसाला हे सगळं कळायची गरज काय? त्याला ब्राउझर उघडला म्हणजे झालं.

उत्तर : बरोबर आहे तुमचं. प्रत्येकाने मॅन्युअल वाचावे असा आमचा आग्रह नाही. बँकेची आतली वही आपण वाचत नाही. पण ती वही लिहिली जाते, तपासली जाते, आणि ‘जमा’ या शब्दाचा अर्थ उद्या ‘जमा होईल’ असा परस्पर बदलला जात नाही, या भरवशावर आपण न वाचता राहू शकतो. सामान्य माणसाला निश्चिंत राहता यावे म्हणूनच कोणीतरी ही बारीक अक्षरे वाचायची असतात. तुमच्यापैकी जे तरुण या क्षेत्रात आहेत, पॅकेजेस बांधतात, त्यांना एवढंच सांगू: वेग जरूर वाढवा, गाठोडी बांधा नाहीतर डबे भरा. फक्त ज्या दिवशी ‘झाले’चा अर्थ बदलाल, त्या दिवशी शब्दही बदला.